मानसशास्त्राचा पदवीधर आणि गावकूस

मानसशास्त्र घेऊन बी. ए. झालेला मुलगा सुट्टीत गावी आला म्हणजे पारावरची मंडळी हटकून विचारतात, "काय रे, आमच्या मनातलं ओळखतोस का?" मुलगा हसून वेळ मारून नेतो आणि बँकेच्या परीक्षेचे पुस्तक उघडतो. त्याचे काम मात्र वेशीबाहेरच पडलेले असते.

बीडजवळच्या पालीचेच पाहा. दत्ता व संध्या बारगजे या दांपत्याने तेथे एच. आय. व्ही. बाधित मुलांसाठी 'इन्फंट इंडिया' उभारली. बारगजे हे प्रयोगशाळेत काम करणारे सरकारी नोकर. भामरागडला असताना जवळच्या हेमलकशाचे, बाबा आमट्यांनी १९७३ साली माडिया गोंडांसाठी सुरू केलेले काम त्यांनी पाहिले, आणि ते आपल्या जिल्ह्यात परतले.

आपल्याकडची जुनी अढी आहे ती पारध्यांविषयी. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. मूल जन्मले की गुन्हेगार! १९५२ साली तो कायदा गेला. तरी गावात चोरी झाली की पहिले बोट पालाकडेच वळते.

कॅनडात मूलनिवासी मुलांना आईबापांपासून तोडून वसतिशाळांत घातले होते. तेथे २००८ ते २०१५ या काळात एका आयोगाने त्यांच्या कहाण्या ऐकल्या आणि ९४ शिफारशी केल्या. याला आपण दिलजमाई म्हणू. पण आपल्याकडे दिलजमाई म्हणजे पाटलांनी दोघांचे हात हातात द्यायचे आणि चहा प्यायचा! ज्याला लागले त्याचे बोलणे आधी पुरते ऐकायचे, ही गोष्ट राहूनच जाते.

गुरुजी, वर्गात कुणाचे पैसे हरवले तर पारध्याच्या पोराचे दप्तर पहिले उघडू नका. उघडायचीच तर सगळ्यांची उघडा. त्या एका तपासणीने पोराची शाळा कायमची सुटते.

आणि पदवीधराने स्वतःला डॉक्टर समजू नये. उपचाराला पुढचे शिक्षण आणि नोंदणी लागते. कुणाची झोप उडाली, कुणी जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नये, जिल्हा रुग्णालयात सोबत जावे. १४४१६ हा सरकारचा टेलिमानस दूरध्वनीही आहे. पालावर गेल्यावर मात्र वही-पेन्सिल काढू नये, नुसते बसावे. तिथली म्हातारी पहिल्या दिवशी मनाचे दुःख सांगणार नाही. ती विचारील, "लेकरा, जातीचा दाखला कुठं मिळतो?" तेव्हा तिला घेऊन तहसील कचेरीची वाट धरावी.