समुद्रावरील कसोटी



जतसारख्या अवर्षणग्रस्त तालुक्यात समुद्राची वार्ता कशास, असे आपण म्हणाल. १ मे २०१६ रोजी, महाराष्ट्रदिनीच, मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली ‘कलवरी’ पाणबुडी प्रथमच स्वबळावर समुद्रात गेली. तिचा पंखा विजेची मोटर फिरविते. डिझेल इंजिने बॅटऱ्यांस वीज पुरवितात. गोदीत बांधणी पुरी होऊनही समुद्रावरील चाचण्या पुष्कळ काळ चालल्या. १४ डिसेंबर २०१७ रोजी ती नौदलात दाखल झाली.

हा विलंब व्यर्थ नव्हे. ब्रिटनच्या ‘टाइप ४५’ युद्धनौकाही विजेच्या मोटरींवर चालतात. उष्ण समुद्रात त्यांच्या गॅस टर्बाइनची शीतनव्यवस्था अपुरी पडली, वीज गेली आणि नौका अडून राहिल्या. घरच्या पाण्यात निभावले, ते परक्या उन्हात निभावले नाही.

आमच्या हातूनही अशीच चूक घडली. वर्गात पहिला येणारा एक विद्यार्थी आम्ही निःशंकपणे शहरास धाडला. तो वर्षाच्या आत खचून परतला. दोष त्याचा नव्हे. शाळेबाहेरच्या पाण्यात आम्ही त्यास कधी उतरविलेच नव्हते.

म्हणून पालकांस विनंती, की मुलांस एकटे बाजारास, बँकेत, परगावी पाठवा. आपण जवळ आहोत तोवरच त्यांना अडखळू द्या. इत्यलम्.