हवेची जबाबदारी कोणाची?

(रुग्णालयांतील महिला कामगार व आशा कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज मी एका शास्त्रज्ञ बाईविषयी बोलणार आहे. ती आपल्या देशातली नाही की आपल्या चळवळीतली नाही. पण तिच्या कामाचा संबंध इथे बसलेल्या प्रत्येकीच्या श्वासाशी आहे.

आधी एक कबुली देते. २०२० साली मी एका रुग्णालयात समाजसेविका म्हणून काम करत होते. वॉर्डातल्या मावशी मला विचारायच्या, "ताई, डॉक्टरांना तो जाड मास्क आणि आम्हाला हा पातळ. असं का?" मी वरिष्ठांकडे चौकशी केली. उत्तर मिळालं की विषाणू थेंबांतून पसरतो, थेंब जड असतात, ते हातभर अंतरावर खाली पडतात. मावशी काही रुग्णाच्या घशात नळी घालत नाहीत, त्यांना साधा मास्क पुरे. मी एम.एस.डब्ल्यू. झालेली. मी तेच उत्तर मावशींना नीट समजावून सांगितलं. त्यावर एक मावशी म्हणाल्या, "पण ताई, उदबत्ती देवघरात लावली तरी वास ओट्यावर येतो. मग श्वासच तेवढा खाली कसा पडेल?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ज्या बाईकडे होतं, तिचं नाव लिडिया मोराव्स्का.

मोराव्स्का मूळच्या पोलंडच्या. पदार्थविज्ञान हा त्यांचा विषय. १९८२ साली क्राकोव्हच्या यागेलोनियन विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट घेतली, ती रेडॉन या किरणोत्सर्गी वायूवरच्या संशोधनासाठी. रेडॉनपासून तयार होणारे अणू हवेतल्या धुळीला चिकटतात आणि धुळीबरोबर फुफ्फुसात जातात. तिथून त्या हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांकडे वळल्या आणि पुढे जन्मभर त्याच विषयात राहिल्या. काही काळ कॅनडात काम करून १९९१ मध्ये त्या ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला, क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठात आल्या.

तिथे त्यांनी काय मोजलं? मोटारींच्या धुरातले कण मोजले. घराघरांत उपकरणं ठेवून स्वयंपाकातले कण मोजले. तळणं-भाजणं सुरू झालं की घरातले कण कित्येक पटींनी वाढतात, हे आकड्यांत मांडलं. आपल्या आया-आज्यांना हे खोकल्यावरून कळलेलं होतं, पण खोकल्याची नोंद कोणी ठेवत नाही. नंतर त्यांनी माणसाच्या श्वासातले कण मोजले. २००९ साली त्यांच्या गटाने दाखवून दिलं की श्वासातून, बोलण्यातून, खोकण्यातून बाहेर पडणारे बहुतेक कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करा. इतके बारीक कण खाली पडत नाहीत. बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात, उदबत्तीच्या धुरासारखे. मावशींचं म्हणणं बरोबर होतं.

आता पुढचं ऐका. वायुप्रदूषणाच्या प्रश्नावर जागतिक आरोग्य संघटना अनेक वर्षं याच बाईंचा सल्ला घेत होती. धुराड्यातला कण हवेत तरंगतो, दूर जातो, छातीत शिरतो, हे त्यांचं म्हणणं संघटनेला मान्य होतं. पण २८ मार्च २०२० रोजी याच संघटनेने जगाला सांगितलं की कोविड हवेतून पसरत नाही. मोराव्स्का यांनी जगभरातल्या तज्ज्ञांना गोळा केलं. त्यांत अमेरिकेतल्या लिन्सी मार यांच्यासारख्या, हवेतल्या विषाणूंवर काम करणाऱ्या बायाही होत्या. एप्रिलच्या सुरुवातीला संघटनेबरोबर बैठक झाली, पण सल्ला बदलला नाही.

पुरावा तर समोर होता. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायनवृंदाची अडीच तासांची तालीम झाली. एकसष्ट जण होते. त्रेपन्न जणांना लागण झाली किंवा झाल्याची दाट शक्यता होती. दोघे दगावले.

शेवटी जुलैमध्ये मोराव्स्का आणि डोनाल्ड मिल्टन यांनी जाहीर पत्र लिहिलं. २३९ शास्त्रज्ञांनी त्याला पाठिंबा दिला. तीनच दिवसांनी संघटनेने हवेतून प्रसाराची शक्यता नाकारता येत नाही इतपत मान्य केलं. स्पष्ट कबुलीला २०२१ उजाडलं. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने मे २०२१ मध्ये सांगितलं की सूक्ष्म कण दहा मीटरपर्यंत जाऊ शकतात, खिडक्या उघडा. तोवर दुसरी लाट आपल्या घरांतून फिरून गेली होती.

मोराव्स्का यांचं ऐकलं नाही ते त्या बाई म्हणून, असं मी म्हणत नाही. त्यांच्या बरोबरच्या पुरुषांचंही ऐकलं नव्हतं. मात्र या विज्ञानाच्या इतिहासात विसरलेली एक बाई आहेच. रोग हवेतून पसरतो हे १९३० च्या दशकात विल्यम वेल्स यांनी मांडलं असं सांगतात. त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड वेल्स डॉक्टर होत्या. १९३६ चा महत्त्वाचा निबंध दोघांच्या नावावर आहे. नाव मात्र एकाचंच घेतलं जातं.

माझा मुद्दा जबाबदारीचा आहे. रोग हाताने आणि थेंबाने पसरतो म्हटलं की काम सोपं होतं. हात धुवा, अंतर ठेवा. आजारी पडलात तर तुमचीच चूक. आमच्या मावशींना नेमकं हेच ऐकवलं गेलं, "हात नीट धुतले नसतील." पण रोग हवेतून पसरतो म्हटलं की प्रश्न वर जातो. वॉर्डाला खिडकी का नाही? पंखा हवा बाहेर फेकतो की तिथल्या तिथे फिरवतो? कपडे धुण्याची खोली तळघरात का? चांगला मास्क हुद्द्याप्रमाणे का वाटला? हात ज्याचे त्याचे असतात, हवा सगळ्यांची असते. ती स्वच्छ ठेवणं एकटीच्या आवाक्यातलं नाही. ते मालकाचं, सरकारचं काम आहे.

मोराव्स्का याच मागणीवर आजही ठाम आहेत. पाण्यासाठी जसे नियम आहेत तसे सार्वजनिक इमारतींतल्या हवेसाठीही कायद्याने हवेत, असं त्यांनी सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये मांडलं. माणशी दर सेकंदाला चौदा लिटर स्वच्छ हवा, असं मापही सुचवलं. २०२३ मध्ये त्यांना स्त्री-शास्त्रज्ञांसाठीचा लोरियाल-युनेस्को पुरस्कार मिळाला. त्यांचा सन्मान झाला याचा आनंद आहेच. पण आपल्या वॉर्डातली, अंगणवाडीतली, धुणीखोलीतली हवा कोणी मोजली आहे का?

म्हणून माझी सूचना आहे. पुढच्या महिन्यात प्रत्येकीने आपल्या कामाच्या जागेची पाहणी करावी. खिडक्या किती, उघडतात किती, पंखा कुठे, चूल वा भट्टी कुठे, माणसं किती, एवढंच वहीत लिहून आणायचं. त्यावरून आपण मागण्यांचं निवेदन तयार करू. त्यासाठी डॉक्टरेट लागत नाही.

त्या मावशी पुढे आजारी पडल्या. बऱ्या झाल्या, पण जिना चढताना अजून धाप लागते. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार उशीर झाला. पुन्हा कोणी असा प्रश्न विचारला, तर तिला वरून आलेलं उत्तर समजावत बसू नका. तिचा प्रश्न लिहून घ्या आणि वर न्या.

एवढं बोलून थांबते.