भूल उतरताना

गावोगावहून आलेल्या भूलतज्ज्ञ मित्रमैत्रिणींनो,

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या सोलापुरात, मागांच्या या भवानी पेठेत, स्वागताध्यक्ष या नात्याने आपलं मनापासून स्वागत करतो. ज्येष्ठांच्या भुलेवर चर्चा व्हावी आणि ती याच पेठेत व्हावी, ही माझी फार दिवसांची इच्छा. कारण घरातलंच आहे.

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं यंत्रमागावर चादरी विणल्या. कान त्या खडखडाटातच गेले. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन उत्तम झालं, आणि त्याच रात्री त्यांनी सलाईन उपसून टाकलं. खाटेखाली धोटा शोधू लागले. शेजारचे म्हणाले, "म्हाताऱ्याला वात झालाय." हात बांधले गेले. कानाचं मशीन, चष्मा, कवळी सगळं घरच्या कपाटात. आणि वॉर्डात रात्री त्यांच्याशी तेलुगूत बोलणारं कुणी नव्हतं. मुलगा भूलतज्ज्ञ, पण त्यालाही हे सकाळी कळलं.

वृद्धांच्या मेंदूवर भुलेनंतर काय होतं, याकडे बेडफर्ड यांनी १९५५ मध्येच 'लॅन्सेट'मधून लक्ष वेधलं होतं. पुढे आपण भूल कोणती द्यावी यावरच वाद घालत राहिलो. पाठीत सुई दिली की डोकं शाबूत राहतं, असं मीही नातेवाइकांना सांगत आलो. २०२१ मध्ये अमेरिका-कॅनडातला खुबा मोडलेल्या १६०० रुग्णांचा अभ्यास आला. पाठीतली भूल असो की पूर्ण, दोन्हीकडे साधारण पाचातला एक रुग्ण भ्रमात गेलाच.

मिडाझोलाम सवयीनं टोचू नये, ब्लॉक देऊन वेदना आवरावी, रक्तदाब पडू देऊ नये, हे आपण करायलाच हवं. पण तेवढ्यानं भागत नाही. भ्रम टाळण्याबद्दलच्या शॅरन इनोये यांच्या १९९९ च्या अभ्यासातले रुग्ण ऑपरेशनचे नव्हते, सत्तरीपुढचे होते. नेहमीच्या देखभालीत १५ टक्के रुग्णांना भ्रम झाला; झोप, पाणी, चालणं, चष्मा आणि कान सांभाळले तिथे ९.९ टक्क्यांना. नवं औषध त्यात एकही नव्हतं.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारे रुग्ण एकाच वॉर्डात झोपतात. म्हणून यजमान या नात्यानं एकच मागतो. उद्याच्या यादीतला पहिला म्हातारा रुग्ण आत घेण्याआधी थिएटरच्या दारात त्याच्या माणसांना विचारा : घरी कुठली भाषा बोलता, आणि कानाचं मशीन आणलंय का?