नावाचा रकाना



ज्या शाळेच्या बाकावर बसून मी बाराखडी गिरवली, त्याच शाळेने गुरुजींच्या स्मृतिदिनी मला व्याख्यानासाठी पाचारण करावे, हा मी माझा बहुमान समजतो. या व्याख्यानमालेत आजवर इतिहास, संतवाङ्मय, शिक्षणशास्त्र अशा विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. माझा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावल्या लिहिण्याचा. पडद्यावर आपण ज्यात मजकूर लिहिता तो रकाना, ज्यावर बोट ठेवता ते बटण आणि ज्यातून निवड करता तो मेनू, एवढेच माझे कार्यक्षेत्र. चिटणीसांना विषय कळवला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि गुरुजी तर आम्हांला व्याकरण शिकवीत, असे म्हणाले. विषय तोच आहे, एवढेच मी त्यांना सांगितले. ते का, हे आता आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

पूर्वी संगणकाची आज्ञावली परीक्षकासारखी असे. ती एकामागून एक प्रश्न विचारी, आणि माणसाने त्याच क्रमाने उत्तरे द्यावीत अशी तिची अपेक्षा असे. आजची आज्ञावली बडोद्याच्या मंगळबाजारातील दुकानदारासारखी आहे. ती माल मांडून बसते आणि गिऱ्हाइकाची वाट पाहते. आपण कळ दाबली, बटणाला स्पर्श केला, मेनू उघडला, की त्या प्रत्येक कृतीची वर्दी तिला मिळते. अशा कृतीला आमच्या परिभाषेत ‘घटना’ म्हणतात. कोणती घटना घडली असता काय करावयाचे, हे आधीच लिहून ठेवणे हे आमचे काम. म्हणजेच, जो माणूस आमच्यासमोर नाही, तो काय करील याची कल्पना करून आम्हांला लिहावे लागते. ही कल्पना चुकली की त्याचा भुर्दंड आम्हांला पडत नाही, त्याला पडतो.

याचे एक जुने उदाहरण प्रसिद्ध आहे. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७४ च्या सुमारास ‘ब्राव्हो’ नावाची मजकूर लिहिण्याची आज्ञावली तयार झाली. तिच्यात दोन अवस्था होत्या : एका अवस्थेत कळ दाबली तर अक्षर उमटे, दुसरीत तीच कळ हुकूम बने. आपण कोणत्या अवस्थेत आहोत याचे भान न राहता एखाद्याने ‘एडिट’ हा चार अक्षरांचा इंग्रजी शब्द टंकला, तर ‘ई’ने सगळा मजकूर निवडला जाई, ‘डी’ने तो पुसला जाई, ‘आय’ने नवा मजकूर घालण्याची तयारी होई, आणि शेवटी ‘टी’ हे एकच अक्षर पडद्यावर उरे! त्याच केंद्रातील लॅरी टेस्लर यांनी अशा अवस्थांविरुद्ध जवळजवळ आयुष्यभर मोहीम चालवली. टिम मॉट यांच्यासह त्यांनी ‘जिप्सी’ नावाची आज्ञावली रचली. मजकूर कापून दुसरीकडे चिकटवण्याची जी रीत आज शाळकरी मुलाच्याही हातवळणी पडली आहे, ती त्या कामातून रूढ झाली. टेस्लर २०२० साली निवर्तले.

बटणावरील शब्दांची कथाही मौजेची आहे. १९८३ साली बाजारात आलेल्या अ‍ॅपलच्या ‘लिसा’ संगणकाची चाचणी सामान्य माणसांवर घेत असता, एक गृहस्थ एका बटणापाशी येऊन अडू लागले आणि चिडू लागले. बटणावर ‘डू इट’, म्हणजे ‘हे करा’, असे दोन शब्द होते. त्यांतील अंतर लहान होते, आणि त्या टंकात इंग्रजीचा मोठा ‘आय’ व छोटा ‘एल’ सारखेच दिसत. त्यामुळे ते गृहस्थ ‘डोल्ट’ असे वाचीत होते. डोल्ट म्हणजे मठ्ठ! यंत्र आपल्याला मठ्ठ का म्हणते, असा त्यांचा प्रश्न होता. त्यानंतर त्या जागी ‘ओके’ आले, आणि ते जगभर पसरले. अ‍ॅन्डी हर्ट्झफेल्ड यांनी ही आठवण लिहून ठेवली आहे.

आपल्याकडे हीच फजिती मराठीत रोज होते. ‘आपला अर्ज रद्द करावयाचा आहे काय?’ असा प्रश्न येतो आणि खाली दोन बटणे असतात : ‘ठीक’ आणि ‘रद्द’. आता ‘रद्द’ दाबले तर अर्ज रद्द होतो, की रद्द करणे रद्द होते? इंग्रजी शब्दाच्या जागी मराठी शब्द ठेवला की मराठी झाले, अशी समजूत करून घेणाऱ्यांनी हे केलेले असते. तेथे ‘अर्ज मागे घ्या’ आणि ‘अर्ज राहू द्या’ असे लिहिले असते, तर म्हाताऱ्या माणसालाही विचारावे लागले नसते. गुरुजी कर्ता-कर्म-क्रियापद शिकवीत तेव्हा क्रियापदावर बोट ठेवून थांबत. बटणावर क्रियापद हवे, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

बटणाची आणखी एक गंमत विद्यार्थ्यांनी घरी करून पाहावी. बहुतेक बटणे दाबताच काम करीत नाहीत, बोट उचलल्यावर करतात. दाबलेले बोट बाजूला सरकवून मग उचलले, तर आज्ञा पाठवलीच जात नाही. शेवटच्या क्षणी मन बदलण्याची ही मुभा कोणा विचारी माणसाने ठेवली आहे. परंतु पैसे भरण्याच्या ठिकाणी संथ जाळ्यामुळे उत्तर आले नाही की माणूस पुन्हा दाबतो, आणि बेफिकीर आज्ञावली दोनदा पैसे घेते. पहिल्या दाबासरशी बटण निष्क्रिय करावे, विनंती पोहोचत असल्याचे सांगावे, आणि प्रत्येक विनंतीला क्रमांक देऊन तीच दुसऱ्यांदा आली तर पलीकडच्या संगणकाने ती ओळखावी, एवढे केले की हे टळते.

आता रकान्याकडे वळतो, कारण खरे बोलायचे ते त्याविषयीच आहे.

काही वर्षांपूर्वी शिष्यवृत्ती देणाऱ्या एका संस्थेसाठी मी अर्जाची आज्ञावली लिहिली. विद्यार्थ्याने आपले नाव मराठीत लिहावे अशी संस्थेची इच्छा होती. नावाला मी तीस जागा दिल्या. इंग्रजी नावे घालून पाहिली, सगळी व्यवस्थित बसली. एखादे नाव तिसापेक्षा लांब असलेच, तर ठरावीक मापाच्या नोंदीत बसावे म्हणून जास्तीचे छाटून टाकावे, अशी एक ओळही मी लिहिली. त्या ओळीचा मला त्या वेळी थोडा अभिमानच वाटला होता, हेही कबूल करतो.

येथे थोडे अक्षरगणित समजून घ्यावे लागेल. युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतंत्र क्रमांक आहे. व्यंजनाला वेगळा, काना-मात्रेला वेगळा, हलन्ताला वेगळा. आपण ‘ज्ञा’ हे एक अक्षर म्हणतो, संगणक त्यात चार चिन्हे मोजतो : ज, हलन्त, ञ आणि काना. साठवणुकीच्या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. मी तीस मोजले होते ते बाइट होते, आणि मनात धरली होती ती अक्षरे.

एका मुलीने अर्ज भरला. तिचे नाव ज्ञानेश्वरी. कानाला चार अक्षरे, संगणकाला अकरा चिन्हे, साठवणुकीत तेहतीस बाइट. माझ्या ओळीने शेवटचे तीन बाइट छाटले. गळाली ती फक्त शेवटची वेलांटी, आणि यादीत नाव आले ‘ज्ञानेश्वर’.

तिसाला तिनाने निःशेष भाग जातो, म्हणून छाट अगदी स्वच्छ बसली. मी एकतीस जागा दिल्या असत्या, तर एक चिन्ह मध्येच तुटले असते, पडद्यावर प्रश्नचिन्हासारखी विचित्र खूण उमटली असती आणि कोणाला तरी संशय आला असता. येथे तर एक निर्दोष, शुद्ध, सुपरिचित नाव उमटले होते. छाननी करणाऱ्यांना मुलींच्या यादीत मुलाचे नाव दिसले. त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. त्यांच्या दृष्टीने त्यांनी कर्तव्यच केले.

चूक उमगेपर्यंत तीन महिने गेले. वसतिगृहाचे पैसे भरण्याची मुदत त्यात टळली, आणि ते वर्ष त्या मुलीने नातेवाइकांकडे राहून, रोज दोन बस बदलून काढले. तिच्या वडिलांचे पत्र संस्थेमार्फत माझ्यापर्यंत आले. पत्रात राग नव्हता. मुलीने नाव नीट लिहिले नसावे, अर्ज भरताना आपण शेजारी बसावयास हवे होते, असे त्यांनी स्वतःलाच बोल लावून लिहिले होते. ते वाचल्यावर मी त्यांना फोन केला आणि चूक माझी आहे, एका ओळीची आहे, हे सांगितले. त्यांना बाइट वगैरे कळले नसावे. मुलीने नाव बरोबर लिहिले होते ना, एवढेच त्यांनी पुन्हा विचारून घेतले.

त्या दिवसापासून मी रकान्यांकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो, आणि ठिकठिकाणी हाच प्रकार आढळू लागला. नावात फक्त अक्षरे असावीत, आकडे किंवा खुणा नकोत, अशी तपासणी पुष्कळ जण घालतात. हेतू चांगला असतो. पण युनिकोडच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त ही ‘अक्षरे’ नाहीत, ती ‘चिन्हे’ या वेगळ्या वर्गात मोडतात. तपासणी कठोर असेल तर ‘मीना’ हे नाव अवैध ठरते. अवैध ते गाळून टाकणारी असेल तर मीनाचे ‘मन’ होते. फोनवर रोमन अक्षरे टंकून देवनागरी मिळवणाऱ्याचा शब्द अजून घडत असतो, आणि अधीर आज्ञावली प्रत्येक कळीला तपासणी करून लाल अक्षरांत तक्रार करू लागते. वाक्य पूर्ण होण्याआधी मुलाला टोकणाऱ्या मास्तरांसारखेच हे. माणूस तो रकाना सोडून पुढे गेला की मग तपासावे. जागा मोजायची तर त्याला दिसतात ती अक्षरे मोजावीत. आणि मावत नसेल तर तसे सांगावे, गुपचूप छाटू नये.

मेनूविषयी थोडक्यात बोलतो, पण बडोद्यात बोलतो आहे म्हणून बोललेच पाहिजे. मेनूची सोय अशी की त्यात शुद्धलेखनाची चूक होत नाही. गैरसोय अशी की जे त्यात नाही ते जगातच नाही, असे धरून चालावे लागते. राज्य ‘गुजरात’ निवडले की भाषेच्या जागी आपोआप ‘गुजराती’ येते आणि ती बदलता येत नाही, असे अर्ज आपणांपैकी अनेकांनी भरले असतील. गुजराती आपल्याला परकी नाही. बाजारात, शेजारात, बसमध्ये आपण तीच बोलतो. पण पिढ्यान्‌पिढ्या येथे राहून घरात मराठी बोलणारे कुटुंब असू शकते, ही गोष्ट तो मेनू लिहिणाऱ्याच्या मनाला शिवलेली नसते. बेळगाव, इंदूर, हैदराबाद येथील आपल्या बांधवांनाही याचा अनुभव येत असणार. उपाय अवघड नाही. राज्यावरून भाषा सुचवावी, लादू नये. आणि यादीच्या शेवटी ‘अन्य’ असा पर्याय देऊन त्यापुढे एक मोकळा रकाना ठेवावा.

गुरुजींचा हजेरीपट ज्यांनी पाहिला आहे त्यांना आठवत असेल. जूनमध्ये पहिल्या दिवशी ते प्रत्येकाला कागदाचा चिटोरा देत आणि स्वतःचे नाव स्वतःच्या हाताने लिहावयास सांगत. मग त्यावरून ते हजेरीपटात उतरवून घेत. छापील रकाना अरुंद होता. आमच्या वर्गातील एका मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव मिळून त्यात काही केल्या मावत नसे. गुरुजींनी आडनावाचे आद्याक्षर केले नाही. तांबड्या शाईने खालची रेघ दोन बोटे खाली ओढली आणि नाव दोन ओळींत लिहिले. त्या पानावरचे पुढचे सगळे रकाने त्यामुळे खाली सरकले होते आणि तपासणीला आलेल्या साहेबांनी त्यावर शेरा मारला होता. पुढच्या वर्षी गुरुजींनी पुन्हा तसेच केले.

आता एक विनंती. शाळेच्या संगणककक्षात मी एक छोटा अर्ज मांडून ठेवला आहे. त्यात एकच रकाना, एक मेनू आणि एक बटण आहे. व्याख्यान संपल्यावर विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन आपापले पूर्ण नाव लिहावे, वडीलधाऱ्यांनीही लिहावे, विशेषतः ज्यांच्या नावात जोडाक्षरे, रफार किंवा अर्धा र आहे त्यांनी. बटण दाबल्यावर नाव जसेच्या तसे परत दिसले पाहिजे. न दिसल्यास शेजारी वही ठेवली आहे, तिच्यात ते हाताने लिहून ठेवावे. आज रात्री मी येथेच मुक्कामाला आहे, वही वाचून सकाळपर्यंत दुरुस्ती करून जाईन.