नवा गुडघा आणि जुनी भीती

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या कळांची भीती आहे ती आहेच. ‘अफूच्या जातीच्या औषधावाचून निभेल का हो?’ असे ती विचारतात.

पुष्कळांचे निभते, पण कळ असह्य होईपर्यंत थांबता कामा नये. शस्त्रक्रियेच्या वेळी मज्जातंतूजवळ बधिर करणारे इंजेक्शन देतात. त्याचा अंमल उतरण्यापूर्वीच पॅरासिटामॉल सुरू करतात; ते सांगितल्या मात्रेत, घड्याळ पाहून घ्यावे. सूज उतरवणाऱ्या गोळ्या पोटाला आणि मूत्रपिंडाला बाधू शकतात; त्या दुकानातून मनाने आणू नका. एवढ्यानेही भागले नाही, तर डॉक्टर थोडे दिवस ट्रॅमाडॉलसारखे औषध देतील. त्यात कमीपणा नाही. मात्र २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे, हे ध्यानात असू द्या.

घरी आलात की शेजारीपाजारी म्हणतील, ‘शेका, तेल लावून चोळा.’ तसे मुळीच करू नका. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटे ठेवा. उशी टाचेखाली घ्या, गुडघ्याखाली नको. नाहीतर पाय सरळ व्हायला त्रास होतो. गोळी घेतल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायाम करा. निजून राहिलात तर गुडघा आखडतो आणि कळ वाढते.

पोटरी सुजली, ताप आला किंवा जखम वाहू लागली, तर दवाखाना गाठा. धाप लागली, तर क्षणभरही थांबू नका.