वडीलधाऱ्यांच्या घरांतील संगणक

मालवण, देवगड, वेंगुर्ले या बाजूच्या गांवांतून अशीं घरें पुष्कळ आढळतात, कीं जेथें वृद्ध आईवडील माडांच्या सावलींत एकटेच राहतात आणि मुलें मुंबई-पुण्यास किंवा त्याहूनहि दूर परदेशीं नोकरी करितात. ही स्थिति नवी नाहीं. गिरणगांवच्या चाळींतून राहणारे चाकरमानी गांवीं मनिऑर्डर पाठवीत, आणि निरक्षर आईला तिच्याच मुलाचें पत्र दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावें लागे. मुलाची खुशाली आधीं वाचणाऱ्याला कळे, मग आईला. आज पत्राची जागा लॅपटॉपनें व इंटरनेटनें घेतली आहे. परंतु आईचा व्यवहार तिच्या स्वतःच्या हातीं राहावा, कीं तो तिनें दुसऱ्याच्या तोंडून ऐकावा, हा प्रश्न जुनाच आहे. यंत्र निवडतांना तोच प्रथम मनांत धरला पाहिजे.

बहुधा होतें तें उलट. मुलगा गणपतीला गांवीं येतो, सोबत महागाचा लॅपटॉप आणतो, दोन दिवस घाईनें शिकवितो आणि परत जातो. पुढें तें यंत्र भरतकामाच्या रुमालाखालीं झांकून कपाटांत जातें. दोष म्हातारपणाचा नसतो; देणाऱ्यानें आपल्या सोयीनें वस्तु निवडली, हा असतो. म्हणून खरेदीपूर्वीं विचारावें, कीं यावर करावयाचें काय? नातवंडांचे चेहरे पाहणें व बोलणें, एवढीच इच्छा असेल तर मोठ्या पडद्याचा मोबाइल किंवा टॅब्लेट पुरेसा आहे. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. त्यासाठीं २०१४ सालीं 'जीवन प्रमाण' योजना निघाली आणि २०२१ पासून चेहरा ओळखून मोबाइलवरून तो दाखला देण्याची सोय झाली. परंतु ज्यांना सविस्तर पत्रें लिहावयाचीं आहेत, आंबा-काजूचा हिशेब ठेवावयाचा आहे किंवा तासभर वाचीत बसावयाचें आहे, त्यांना लॅपटॉपच बरा.

तो घेतांना पडदा साडेपंधरा इंचांच्या आसपासचा व न चकाकणारा असावा. पडवींतल्या उजेडांत चकाकणारा पडदा आरशासारखा होतो. ८ जीबी रॅम व एसएसडी असली कीं यंत्र चटकन सुरू होतें, आणि वाट पाहण्यांतच नवशिक्याचा उत्साह मावळतो, हें विसरूं नये. हात कांपत असेल तर वेगळा माउस अवश्य द्यावा. अक्षरें आरंभींच मोठीं करून द्यावीं, आणि मराठी लिहिण्याची व बोलून लिहिण्याची सोय चालू करून ठेवावी. कचेरींतला जुना लॅपटॉप आईला देण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु विंडोज १० ला मिळणारी नेहमींची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, हें लक्षांत घेऊन, ज्यावर नवी आवृत्ति चालत नाहीं असें यंत्र पैशांच्या व्यवहारासाठीं देऊं नये. समुद्राचा खारा वारा धातूला खातो. म्हणून यंत्र खिडकींत न ठेवतां आंतल्या खोलींत ठेवावें.

आतां इंटरनेटचा विचार. वेगाच्या मोठमोठ्या आंकड्यांना भुलूं नये. चेहरा पाहून बोलण्यास सेकंदाला तीन-चार मेगाबिट पुरतात; ३० मेगाबिटांची साधी जोडणी एका घरास भरपूर झाली. खरा प्रश्न आहे तो पावसाळ्याचा. मे महिन्यांत उत्तम चालणारी जोडणी जुलैंत टिकते काय, हें शेजाऱ्यांना विचारावें. जाहिरातींत तें सांगितलेलें नसतें. फायबरची जोडणी सर्वांत चांगली. परंतु ती तार खांबांवरून, माडांमधून येते आणि एक झावळी पडली तरी तुटते. तेव्हां तार जोडावयास माणूस किती दिवसांनीं येतो, हाहि निवडीचा भाग आहे. बिनतारी जोडणी घ्यावयाची तर टॉवर व घर यांच्यामध्यें डोंगर नाहीं ना, तें पाहावें. १६ मे २०२१ रोजीं 'तौक्ते' वादळ या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां वीज व दूरध्वनि दोन्ही बंद पडून मुंबईंतल्या मुलांना आईवडिलांची खबर मिळेना. म्हणून फायबर एका कंपनीचें असेल तर मोबाइलचें कार्ड दुसऱ्या कंपनीचें असावें. चिऱ्याच्या जाड भिंतींतून वाय-फाय नीट जात नाहीं, यासाठीं राउटर घराच्या मध्यभागीं बसवावा व त्याला लहानसा यूपीएस जोडावा. वीज गेल्यावरहि दोन-तीन तास संवाद चालूं शकतो. विजा चमकूं लागल्या कीं चार्जर व राउटर यांचे प्लग मात्र काढून ठेवावे.

याहून मोठें भय फसवणुकीचें आहे. पोलिसाचा वेष करून पडद्यावर धाक घालणारे भामटे म्हाताऱ्या माणसांना आयुष्यभराच्या पुंजीला मुकवितात. 'डिजिटल अरेस्ट' नांवाची कोणतीहि अटक कायद्यांत नाहीं, हें वाक्य यंत्राबरोबरच शिकवावें. फसवणूक झालीच तर लाज न बाळगतां तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावें. ठेवी असलेलें खातें इंटरनेटपासून दूर ठेवून, बाजारहाटापुरती रक्कम असलेलें निराळें खातें व्यवहारासाठीं वापरणें शहाणपणाचें.

मात्र काळजीच्या नांवाखालीं आईचे पासवर्ड मुलानें आपल्याकडे ठेवणें आणि दुरून तिचा पडदा हवा तेव्हां उघडून पाहणें, हें परक्यानें तिचें पत्र वाचण्याहून फारसें वेगळें नव्हे. पासवर्ड तिच्या वहींत, तिच्या हस्ताक्षरांत असावा. आणि दुरून मदत करावयाची तर तिनें सांगितल्यावर व तिच्या देखत करावी. एका वेळीं एकच गोष्ट शिकवावी, ती तिच्याकडून दहादां करून घ्यावी, आणि चुकल्यास माउस तिच्या हातांतून काढून घेऊं नये. यंत्राची किंमत एकदांच द्यावी लागते. हा धीर मात्र महिनोन्‌महिने द्यावा लागतो, आणि तो दिला नाहीं तर चांगलें यंत्रहि कपाटांतच पडून राहतें.