देणगी, करमाफी आणि मतदान

देवाच्या नावाने दिलेली देणगी उमेदवाराच्या प्रचाराला लागली, तर चालेल काय? अमेरिकेत या प्रश्नावर कायदाच आहे.

१९५४ साली सिनेटर लिंडन जॉन्सन यांच्या सूचनेवरून तिथल्या करकायद्यात एक अट आली. चर्च असो, देऊळ असो की धर्मादाय शाळा, करमाफी हवी असेल, तर निवडणुकीत कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने वा विरुद्ध पडायचं नाही.

आता ही अट मोडली म्हणजे काय होतं, ते बघा. १९९२ साली बिंगहॅम्टन गावच्या एका चर्चने मतदानाच्या चार दिवस आधी दोन वृत्तपत्रांत बिल क्लिंटन यांच्याविरुद्ध पानभर जाहिरात दिली आणि तीतच करसवलतीच्या देणग्या मागितल्या! १९९५ साली त्याची करमाफी गेली. २००० साली अपील न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला.

तुम्ही म्हणाल, मग भाषणस्वातंत्र्याचं काय? अहो, बोलायला बंदी नव्हतीच. सवलत तेवढी गेली. देणगीवर माफ झालेल्या कराचा भार अखेर सगळ्यांवरच पडतो, क्लिंटन यांना मत देणाऱ्यांवरसुद्धा. आपल्याच उमेदवाराविरुद्धच्या प्रचाराला त्यांनी का हातभार लावावा?

२०२५ साली मात्र करखात्यानेच टेक्सासमधल्या एका दाव्यात वेगळी भूमिका घेतली. उपासनेच्या वेळी धर्मगुरू आपल्याच मंडळींशी निवडणुकीविषयी बोलले, तर अट मोडली असं धरू नये, असं त्याने मांडलं. पण धर्मगुरूच्या शब्दाला सर्वांत जास्त वजन असतं ते तिथेच, नव्हे काय?